बंदीचा अधिकार कोणाच्या हाती? ऑनलाइन पायरसी आणि कायद्याची कसोटी

स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा मुळात प्रतींच्या हिशेबावर उभा आहे. 1710 साली ब्रिटनमध्ये ॲन राणीच्या कारकिर्दीत या विषयावरचा पहिला महत्त्वाचा कायदा अमलात आला, त्या काळी एखाद्या ग्रंथाच्या प्रती काढायच्या तर छापखाना, खिळे जुळवणारे कामगार, कागदाचा साठा आणि विक्रेत्यांची साखळी एवढा सारा पसारा लागत असे. त्यामुळे चोरून छापणारे थोडे असत आणि शोधले तर सापडतही असत. इंटरनेटने ही स्थिती पार पालटून टाकली, कारण या माध्यमात एखादी गोष्ट वाचायची, ऐकायची किंवा पाहायची म्हटली की तिची प्रत आपल्या यंत्रात उतरतेच, ती मुळाइतकीच निर्दोष असते आणि ती दुसऱ्याला पाठवायला जवळपास काहीच खर्च येत नाही. परिणामी हक्काचा भंग करणारे लाखोंच्या संख्येने आणि अनेक देशांत विखुरलेले, तर हक्कधारक मात्र आपापल्या देशाच्या न्यायालयांशी बांधलेले, अशी विषम परिस्थिती निर्माण झाली.

या विषमतेवर उपाय म्हणून गेल्या 25 ते 30 वर्षांत जगभर जे कायदे झाले किंवा प्रस्तावित झाले, त्या सर्वांमागे एक समान कल्पना आढळते. मूळ गुन्हेगार हाती लागत नसेल, तर त्याच्या आणि वाचक-प्रेक्षकाच्या दरम्यान जे कोणी उभे आहेत त्यांच्यावर जबाबदारी टाकावी, ही ती कल्पना होय. इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्या, संकेतस्थळांना जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या, सर्च इंजिने, व्हिडिओ आणि समाजमाध्यमांचे मंच, जाहिराती पुरवणाऱ्या आणि पैसे चुकते करून देणाऱ्या संस्था या सर्वांना कायद्याच्या भाषेत मध्यस्थ म्हणतात. मध्यस्थाला कामाला लावले की परिणाम झटपट दिसतो. परंतु मध्यस्थ हा न्यायाधीश नसतो, पुरावा तपासण्याची त्याची तयारी नसते आणि जोखीम टाळण्यासाठी संशयित मजकूर काढून टाकणे हेच त्याच्या सोयीचे असते. म्हणून अशा प्रत्येक प्रस्तावाची परीक्षा त्यातील शिक्षेच्या कडकपणावरून करून भागत नाही. बंदी घालण्याचा अधिकार कोणाला मिळतो, कोणत्या पुराव्यावर मिळतो आणि चूक झाली तर ती कोण, किती दिवसांत दुरुस्त करतो, या तीन प्रश्नांवरच त्याची योग्यता ठरते. अमेरिकेत 2011 आणि 2012 मध्ये सोपा आणि पिपा या विधेयकांवरून झालेला संघर्ष या तिन्ही प्रश्नांचा उत्तम वस्तुपाठ आहे.

1998 ची तडजोड

अमेरिकेत 1998 साली डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट हा कायदा झाला आणि त्यातील 512 व्या कलमाने पुढील सर्व वादांची चौकट घालून दिली. या कलमानुसार, वापरकर्त्यांनी चढवलेल्या मजकुराबद्दल मंच चालवणाऱ्या कंपनीला दोषी धरले जात नाही. मात्र त्यासाठी हक्कधारकाची रीतसर सूचना मिळताच तो मजकूर तत्परतेने काढून टाकण्याची आणि वारंवार भंग करणाऱ्यांची खाती बंद करण्याची अट पाळावी लागते. सूचनेत मूळ कृती कोणती, आक्षेपार्ह मजकूर नेमका कोठे आहे आणि तक्रार सद्भावनेने केलेली आहे, हे नमूद करावे लागते. ज्याचा मजकूर काढला गेला त्याला प्रतिसूचना देता येते आणि ती मिळाल्यावर तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर कंपनीने 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत तो मजकूर पुन्हा उपलब्ध करून देणे अपेक्षित असते. या संरक्षणाला सेफ हार्बर असे नाव आहे आणि त्याच्याच आधारे यूट्यूबसारखे मंच वाढले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही तडजोड दोन्ही बाजूंना पुरेशी वाटली नाही. हक्कधारकांची तक्रार अशी की एक दुवा काढला तर त्याच चित्रपटाचे दहा नवे दुवे उगवतात आणि त्यांचा पाठलाग करण्याचा सारा भार पीडितावरच पडतो. वापरकर्त्यांची तक्रार याच्या नेमकी उलट होती. 2007 साली पेनसिल्व्हेनियातील एका आईने आपले तान्हे मूल नाचतानाची 29 सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली आणि मागे अस्पष्टपणे वाजत असलेल्या गाण्यामुळे युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या सूचनेवरून ती काढण्यात आली. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि 2015 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की सूचना पाठवण्यापूर्वी तो वापर फेअर यूज, म्हणजे समीक्षा, विडंबन, अध्यापन यांसारख्या कारणांसाठी कायद्याने मोकळा ठेवलेला रास्त वापर, आहे का याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे. एवढा साधा नियम प्रस्थापित व्हायला 8 वर्षे लागली, यावरून चुकीच्या तक्रारीने बाधित झालेल्या सामान्य माणसाची वाट किती लांबची असते, हे स्पष्ट होते.

तीन विधेयके आणि त्यांचा आशय

1998 च्या कायद्याची खरी मर्यादा परदेशी संकेतस्थळांच्या बाबतीत होती. अमेरिकेबाहेर यंत्रणा ठेवून आणि अमेरिकी सूचनांकडे दुर्लक्ष करून चित्रपट, संगीत किंवा बनावट औषधे पुरवणाऱ्यांना ते कलम लागू करून उपयोग नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी 2010 मध्ये पहिले विधेयक मांडले. ते सिनेटच्या न्यायविषयक समितीत 19 विरुद्ध 0 अशा मतांनी संमत झाले. पण ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांनी विरोध जाहीर केल्यामुळे पुढे सरकले नाही. मे 2011 मध्ये लेही यांनीच त्याची सुधारित आवृत्ती प्रोटेक्ट आयपी ॲक्ट, म्हणजे पिपा, या नावाने आणली आणि 26 ऑक्टोबर 2011 रोजी प्रतिनिधिगृहात टेक्सासचे लामार स्मिथ यांनी त्याहून व्यापक असे स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट, म्हणजे सोपा, हे विधेयक सादर केले. दोन्ही विधेयकांना दोन्ही प्रमुख पक्षांतून पाठिंबा होता. चित्रपटनिर्मात्यांची संघटना, संगीत उद्योगाची संघटना, अमेरिकेचे चेंबर ऑफ कॉमर्स आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या कामगार संघटना त्यांच्या बाजूने उभ्या होत्या.

सोपाच्या मूळ मसुद्यात दोन मार्ग होते. पहिल्या मार्गाने देशाच्या ॲटर्नी जनरलने परदेशी संकेतस्थळाविरुद्ध न्यायालयाकडून आदेश मिळवायचा आणि तो बजावला गेल्यापासून 5 दिवसांच्या आत इंटरनेट पुरवठादारांनी त्या स्थळाकडे जाणारी वाट बंद करायची, सर्च इंजिनांनी त्याचे दुवे काढायचे, पैसे चुकते करणाऱ्या संस्थांनी व्यवहार थांबवायचे आणि जाहिरातसंस्थांनी जाहिराती मागे घ्यायच्या, अशी चतुर्विध योजना होती. दुसऱ्या मार्गात न्यायालयही नव्हते. हक्कधारकाने पैसे आणि जाहिराती हाताळणाऱ्या संस्थेला थेट सूचना पाठवायची, संबंधित स्थळ अमेरिकी मालमत्तेच्या चोरीला वाहिलेले आहे असे त्यात म्हणायचे आणि स्थळाकडून प्रतिसूचना आली नाही, तर त्या संस्थेने 5 दिवसांत त्याची आर्थिक रसद तोडायची, असा तो मार्ग होता. चोरीला वाहिलेले स्थळ या शब्दप्रयोगाची व्याख्या इतकी सैल होती की स्थळाचा एखादा भागही तिच्यात बसू शकत होता आणि भंगाची शक्यता जाणूनबुजून तपासली नाही, एवढ्यावरूनही चालक अडचणीत येऊ शकत होता. एखाद्या मोठ्या मंचावरील एका कोपऱ्यातल्या मजकुरासाठी संपूर्ण मंचाचे उत्पन्न बंद पाडण्याची शक्यता त्यातून निर्माण होत होती. याशिवाय, स्वेच्छेने अशी कारवाई करणाऱ्या मध्यस्थांना दाव्यांपासून संरक्षण देण्यात आले होते, म्हणजे जास्तीची बंदी घालणाऱ्याला कसलाही धोका नव्हता आणि बंदी न घालणाऱ्याच्या डोक्यावर मात्र टांगती तलवार होती. डिसेंबरमधील सुधारित मसुद्यात या तरतुदी बऱ्याच सौम्य करण्यात आल्या, तरी मूळ मसुद्यातून दिसलेली दिशा विरोधकांच्या मनातून गेली नाही.

नावे आणि पत्ते यांचे तंत्र

विधेयकांवरील सर्वांत वजनदार आक्षेप तांत्रिक होता आणि तो समजण्यासाठी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, ही व्यवस्था थोडी जवळून पाहायला हवी. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, परंतु माणसे आकडे लक्षात ठेवत नाहीत, नावे ठेवतात. वापरकर्त्याने ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टाइप केले की त्याचा संगणक प्रथम एका डीएनएस सर्व्हरकडे, बहुधा त्याच्या इंटरनेट पुरवठादाराच्या सर्व्हरकडे, त्या नावाचा पत्ता विचारतो; त्या सर्व्हरला उत्तर ठाऊक नसेल तर तो वरच्या पायरीवरील सर्व्हरकडे चौकशी करत जातो आणि मिळालेला आकडी पत्ता संगणकाला परत देतो. ही सारी देवघेव सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते आणि त्यानंतरच खऱ्या स्थळाशी संपर्क होतो. सोपा आणि पिपा यांचा रोख असा होता की ठरावीक नावांसाठी पुरवठादाराच्या सर्व्हरने खरे उत्तर देऊ नये.

वेशीवरची गावाच्या नावाची पाटी उपटून टाकली म्हणून गाव नाहीसे होत नाही, तसेच नावाचे उत्तर दडपले तरी स्थळ जागच्या जागी राहते आणि आकडी पत्ता ठाऊक असलेला किंवा परदेशातील एखादा डीएनएस सर्व्हर वापरणारा माणूस तेथे सहज पोहोचतो. म्हणजे ज्याला चोरीचा माल हवाच आहे त्याला अडथळा फारसा नाही, परंतु व्यवस्थेच्या विश्वासार्हतेला मात्र तडा, असा हा सौदा होता. हा तडा कसा, हे मे 2011 मध्ये स्टीव्ह क्रॉकर, डॅन कामिन्स्की, पॉल व्हिक्सी आदी पाच तज्ज्ञांनी एका टिपणात उलगडून दाखवले. डीएनएसमध्ये खोटी उत्तरे घुसवून लोकांना बनावट बँकस्थळांकडे वळवण्याचे प्रकार घडतात आणि त्यांना आळा घालण्यासाठी डीएनएससेक ही पद्धत विकसित झाली आहे. तिच्यात प्रत्येक उत्तरावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि वाटेत कोणी उत्तर बदलले तर ते लगेच उघडकीस येते. कायद्याच्या आदेशाने बदललेले उत्तर आणि भामट्याने बदललेले उत्तर यांत ही पद्धत फरक करू शकत नाही. तिच्या लेखी दोन्ही खोटीच. सरकार एका हाताने जी सुरक्षा उभी करण्यास प्रोत्साहन देत होते, ती दुसऱ्या हाताने निकामी होणार होती. डिसेंबर 2011 मध्ये इंटरनेटच्या जडणघडणीत सहभागी असलेल्या 83 अभियंत्यांनीही खुल्या पत्राद्वारे विधेयकांना विरोध केला.

आकडे, निषेध आणि माघार

विधेयकांचे समर्थन करताना पायरसीमुळे होणाऱ्या नुकसानीचे प्रचंड आकडे मांडले जात होते. परंतु अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संस्थेने एप्रिल 2010 मधील आपल्या अहवालात म्हटले होते की सरकारी कागदपत्रांत वारंवार उद्धृत होणारे तीन अंदाज कोणत्या मूळ माहितीवर बेतलेले आहेत, याचा मागच लागत नाही. त्याच अहवालात पायरसी ही गंभीर समस्या असल्याचेही नमूद होते आणि या दोन्ही विधानांत विसंगती नाही. नुकसान खरे आहे; त्याचे मोजमाप मात्र अवघड आहे, कारण फुकटात पाहणाऱ्या प्रत्येकाने एरवी पैसे मोजून तिकीट काढलेच असते असे गृहीत धरता येत नाही. मोजता न येणाऱ्या हानीच्या नावाखाली मोजता न येणारे अधिकार मागितले जातात, तेव्हा विधिमंडळाने अधिक सावध असणे आवश्यक ठरते.

नोव्हेंबर 2011 मध्ये गूगल, फेसबुक, ट्विटर, याहू, मोझिला यांच्यासह नऊ कंपन्यांनी वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन विरोध नोंदवला. संविधानतज्ज्ञांतही फूट पडली. लॉरेन्स ट्राइब यांनी सोपा हे विधेयक अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवले, तर त्याच स्वातंत्र्यासाठी हयातभर न्यायालयांत लढलेले फ्लॉइड अब्राम्स यांनी ते संविधानात बसते असे मत दिले. जानेवारी 2012 च्या मध्यास दोन्ही विधेयकांच्या प्रवर्तकांनी डीएनएसविषयक तरतुदी बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली आणि व्हाइट हाउसनेही इंटरनेटच्या रचनेला धक्का लावणाऱ्या उपायांना पाठिंबा नसल्याचे जाहीर केले. तरीही 18 जानेवारी 2012 रोजी इंग्रजी विकिपीडियाने आपली पाने 24 तास झाकून ठेवली. विकिमीडिया फाउंडेशनच्या नोंदीनुसार 16 कोटी 20 लाखांहून अधिक वेळा ते निषेधाचे पान उघडले गेले आणि 80 लाखांहून अधिक लोकांनी त्यावरून आपल्या लोकप्रतिनिधींचे संपर्क शोधले. मार्को रुबिओ यांच्यासारख्या सहप्रवर्तकांनी त्याच दिवशी पाठिंबा काढून घेतला आणि 20 जानेवारीला दोन्ही विधेयके अनिश्चित काळासाठी लांबणीवर टाकण्यात आली.

याच आठवड्यातील आणखी एक घटना तितकीच बोलकी आहे. निषेधाच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकी न्याय विभागाने मेगाअपलोड हे मोठे फाइल-साठवण स्थळ बंद पाडले आणि त्याचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. नव्या कायद्याविना, अस्तित्वात असलेल्या फौजदारी तरतुदी आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य यांच्या जोरावर परदेशातील चालकापर्यंत पोहोचता येते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर त्या स्थळावर स्वतःच्या मालकीच्या फायली ठेवलेल्या निरपराध ग्राहकांचा माल त्या जप्तीत अडकला आणि तो परत मिळवण्याची सोपी वाट त्यांच्यापुढे नव्हती. म्हणजे कारवाई योग्य असली तरी निरपराधाची सोय लावल्याविना ती पूर्ण ठरत नाही.

भारतीय न्यायालयांची वाटचाल

भारतात या विषयाचा गाभा 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे आणि 2012 च्या दुरुस्तीने त्याला डिजिटल काळाची जोड मिळाली. या दुरुस्तीनुसार दुवे किंवा प्रवेश पुरवताना मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या मध्यस्थाने हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यावर 21 दिवसांसाठी तो मजकूर रोखायचा असतो आणि त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रारीवर 36 तासांत कृती करावी, असे 2013 चे नियम सांगतात. अमेरिकी पद्धतीशी तुलना करता येथे बाधित व्यक्तीला प्रतिसूचनेचा स्पष्ट अधिकार नाही, परंतु मुदत संपताच न्यायालयीन आदेशाची गरज मात्र अधोरेखित केलेली आहे.

प्रत्यक्षात भारतीय चित्रपट उद्योगाने विधिमंडळापेक्षा न्यायालयांचा आधार अधिक घेतला. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसताना अज्ञात व्यक्तींविरुद्ध मिळवलेल्या मनाई हुकुमाला जॉन डो किंवा भारतीय वळणाने अशोक कुमार आदेश म्हणतात. 2012 साली एका तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने असा आदेश दिला आणि त्याच्या आधारे इंटरनेट पुरवठादारांनी व्हिमिओ, डेलीमोशन यांसारखी संपूर्ण स्थळेच बंद करून टाकली. अखेर जून 2012 मध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की आदेश केवळ नेमक्या दुव्यांपुरता आहे. अमेरिकेत ज्या अतिरेकाची भीती व्यक्त होत होती, तो त्याच वर्षी भारतात कोणत्याही नव्या कायद्याविना घडून गेला होता.

मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या प्रकाराला जी शिस्त लावली, ती अभ्यासण्याजोगी आहे. ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, संपूर्ण स्थळ बेकायदा मजकुराचेच आहे असे दाखवल्याशिवाय ते सरसकट बंद करता येणार नाही, असे सांगून प्रत्येक दुवा तपासून शपथपत्रासह यादी सादर करण्यास लावले. शिवाय बंद केलेल्या पानावर ते कोणत्या आदेशाने बंद झाले आणि बाधित व्यक्तीने दाद कोठे मागावी, ही माहिती दाखवण्याचेही निर्देश दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये यूटीव्ही सॉफ्टवेअरच्या दाव्यात याहून वेगळी वाट चोखाळली. एखादे स्थळ प्रामुख्याने भंगासाठीच चालवले जाते का, चालक आपली ओळख लपवतो का, पूर्वीच्या आदेशांना जुमानत नाही का, अशा निकषांवर ते रोग वेबसाइट, म्हणजे बदमाश संकेतस्थळ, ठरले तर ते पूर्ण बंद करावे आणि तेच स्थळ नवे नाव घेऊन अवतरले तर प्रत्येक वेळी नवा दावा न लावता त्याच आदेशाची कक्षा वाढवावी, अशी ही डायनॅमिक, म्हणजे चल, मनाई होय. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने तिची व्याप्ती भविष्यात निर्माण होणाऱ्या कृतींपर्यंत नेली. दिल्लीचा मार्ग परिणामकारक आहे, मुंबईचा मार्ग काटेकोर आहे, आणि चांगल्या कायद्यात या दोन्ही गुणांचा मेळ असायला हवा.

2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चित्रपटाचे बेकायदा चित्रण आणि त्याचा प्रसार यांसाठी किमान 3 महिने ते 3 वर्षे कारावास आणि 3 लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुंबईत मुख्यालय असलेल्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळात आणि मंत्रालयात नोडल अधिकारी नेमले. त्यांनी निर्देश दिल्यावर मध्यस्थाने 48 तासांत मजकूर हटवायचा असतो. चित्रपटाची खरी कमाई पहिल्या आठवड्यात होते, त्यामुळे या वेगाचे समर्थन करता येते. परंतु येथे तक्रार न्यायालयापुढे न जाता थेट अधिकाऱ्यापुढे जाते आणि म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली तपासणीची आणि कारणे जाहीर करण्याची शिस्त या व्यवस्थेला अधिकच लागू होते.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न चित्रपटांपुरता नाही. मराठी ग्रंथाच्या आवृत्तीत बहुधा हजारभर प्रती असतात. त्या खपण्याआधीच पुस्तकाची पीडीएफ टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागली, तर पुढची आवृत्ती निघतच नाही आणि लेखक-प्रकाशकांचे नुकसान कोणत्याही मोठ्या उद्योगापेक्षा अधिक जिव्हारी लागते. दुसरीकडे, भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, आणि 1950 साली निधन पावलेल्या साने गुरुजींचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 2011 च्या प्रारंभापासून सर्वांसाठी खुले आहे. ‘श्यामची आई’ कोणीही टंकलिखित करून इंटरनेटवर ठेवू शकतो, पण एखाद्या प्रकाशकाने त्यासाठी नव्याने काढलेली चित्रे किंवा लिहिलेली प्रस्तावना तशी ठेवता येत नाही. शब्द जुळले की मजकूर अडवणारी स्वयंचलित चाळणी हा फरक ओळखू शकत नाही. तो ओळखायला माणसाची नजर आणि मुक्त साहित्याची विश्वसनीय नोंद लागते. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशातील 17 व्या कलमाने मोठ्या मंचांवर बेकायदा मजकूर आधीच रोखण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा हाच आक्षेप पुढे आला. 2022 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवताना, कायदेशीर मजकूर अडणार नाही याची हमी सदस्य देशांनी दिली पाहिजे, अशी मर्यादा घातली.

पुढील कायद्यांसाठी निकष

अमेरिकेत हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. 2012 मध्ये सोपाच्या कडव्या विरोधकांत गणल्या गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या झोई लॉफग्रेन यांनीच जानेवारी 2025 मध्ये परदेशी पायरसी स्थळांविरुद्ध विधेयक मांडले, ज्यात आदेश न्यायालयाकडूनच मिळवावा लागतो आणि तो केवळ मोठ्या इंटरनेट पुरवठादारांना व मोठ्या डीएनएस सेवांना लागू होतो. त्यावरही जुने तांत्रिक आक्षेप घेतले जात आहेत. तरी चर्चा कोणत्या दिशेने सरकली आहे, हे त्यातून कळते. स्थळे बंद करावीत की नाही हा वाद मागे पडून ती कोणत्या प्रक्रियेने बंद करावीत, हा प्रश्न पुढे आला आहे.

या साऱ्या अनुभवातून काही निकष हाती येतात. संपूर्ण स्थळ बंद करण्याचा आदेश न्यायालयानेच द्यावा आणि प्रशासकीय अधिकाऱ्याचा अधिकार नेमक्या दुव्यांपुरता राहावा. आदेशाची कारणे आणि बंद केलेल्या स्थळांची यादी सार्वजनिक असावी. खोटी किंवा निष्काळजी तक्रार करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी असावी, कारण तक्रार फुकट आणि बचाव खर्चिक असेल तर तराजू कायमचा एका बाजूला झुकतो. बंदीला मुदत असावी आणि तिच्या परिणामाचा हिशेब ठराविक काळाने मांडला जावा. पैशाचा आणि जाहिरातींचा ओघ तोडणे हा व्यावसायिक पायरसीवरील प्रभावी उपाय असला, तरी तोही स्थळाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊनच योजावा.

यांखेरीज एक गोष्ट कायद्याच्या कक्षेबाहेरची असूनही निर्णायक आहे. संगीत उद्योगाचे वर्षानुवर्षे घटणारे जागतिक उत्पन्न 2015 पासून पुन्हा वाढू लागले ते प्रामुख्याने स्ट्रीमिंग सेवांमुळे, म्हणजे श्रोत्याला हवे ते गाणे माफक दरात आणि तत्काळ मिळू लागल्यामुळे. मराठी पुस्तकांबाबत तर परदेशात किंवा महाराष्ट्राच्या लहान गावांत राहणाऱ्या वाचकाला अनेकदा पैसे मोजण्याची तयारी असूनही पुस्तक मिळत नाही आणि बेकायदा पीडीएफ मात्र हाताशी असते. वाचकाला प्रामाणिकपणे विकत घेण्याची वाट उपलब्ध करून देणे हे लेखकाच्या हक्काचे पहिले संरक्षण आहे. त्या वाटेच्या जोडीने येणारा कायदा समाजाला न्याय्य वाटतो आणि पाळलाही जातो. लेखकाच्या श्रमाचे मोल आणि वाचकाचे स्वातंत्र्य या परस्परांच्या विरोधातील गोष्टी नाहीत, कारण आजचा प्रत्येक लेखक कालचा वाचक असतो. जो कायदा चोराला रोखताना त्या वाचकाचा दरवाजा बंद करतो, तो उद्याच्या लेखकाचेही नुकसान करतो. म्हणून अशा कायद्याचा मसुदा चर्चेला येईल तेव्हा त्यातील शिक्षेच्या कलमाआधी प्रक्रियेचे कलम वाचण्याची सवय लोकप्रतिनिधींनी, लेखकांनी आणि वाचकांनी लावून घेतली पाहिजे.